थीसिस अडकलाय: ब्रेस्ट कॅन्सरचे चार ग्रुप, सर्व्हायव्हलची तुलना आणि 'स्टेटस माहीत नाही' वाल्या पेशंट

तिसऱ्यावर्षाची

नमस्कार मंडळी, धागा चुकीच्या विभागात असेल तर संपादकांनी हलवावा. मी जनरल सर्जरीची रेसिडेंट, तिसरं वर्ष, मराठवाड्यातलं सरकारी कॉलेज, यापेक्षा जास्त सांगत नाही कारण आमचे लोकपण इथे वाचतात. थीसिसचा विषय ब्रेस्ट कॅन्सर, आमच्याकडे ऑपरेशन झालेल्या बायकांचे रिसेप्टरप्रमाणे, म्हणजे कॅन्सरच्या पेशींत हार्मोनचे रिसेप्टर किंवा हर टू नावाचं प्रथिन सापडतं का त्यावरून, चार ग्रुप करायचे (हार्मोन पॉझिटिव्ह, हार्मोन आणि हर टू दोन्ही पॉझिटिव्ह, फक्त हर टू पॉझिटिव्ह, आणि ट्रिपल निगेटिव्ह म्हणजे यातलं काहीच नसलेल्या), मग चारही ग्रुपांतल्या पेशंट कशा आहेत म्हणजे वय, पाळी गेलेली की नाही, गाठ केवढी, काखेतल्या गाठी किती, स्टेज काय, हे बघायचं आणि कोण किती जगलं ते बघायचं. सबमिशनला अडीच महिने राहिलेत.

रेकॉर्ड रूममध्ये बसून, लाल नाडीचे गठ्ठे सोडून सोडून १७२ फायली काढल्या. त्यातल्या ३१ जणींचा रिसेप्टर रिपोर्टच फाईलमध्ये नाहीये. मृत्यू ३८, म्हणजे मला माहीत असलेले ३८. पन्नासेक जणी शेवटच्या केमोनंतर किंवा त्याआधीच यायच्या बंद झाल्या, पुढे काय झालं पत्ता नाही.

मी काय केलं तर एक्सेलमध्ये प्रत्येक ग्रुपमधल्या वारलेल्या बायकांचे ऑपरेशनपासूनचे महिने काढले आणि सरासरी घेतली. चारही ग्रुपांची सरासरी जवळपास सारखीच येतेय!! पुस्तकात तर ट्रिपल निगेटिव्ह सगळ्यात वाईट म्हणून लिहिलंय. उलट हर टू वाल्यांमध्ये ट्रास्टुझुमॅबचे (हर टू वर चालणारं औषध) वर्षभराचे सगळे डोस पूर्ण केलेल्या आणि न केलेल्या असे दोन भाग केले तर पूर्ण केलेल्यांचा रिझल्ट इतका भारी येतोय की गाइड खूश झाले, म्हणाले हाच तुझा मेन पॉइंट. मला मात्र उगाच धाकधूक वाटतेय, इतकं चांगलं कसं काय.

तर प्रश्न असे, की त्या ३१ जणी काढून टाकू का? हरवलेल्यांना जिवंत धरायचं की गेलेल्या? आणि गाइड म्हणतात पहिल्या टेबलमध्ये प्रत्येक ओळीपुढे पी व्हॅल्यू (खरा फरक नसताना एवढा फरक योगायोगाने दिसायची शक्यता) पाहिजे, ती कशी काढतात? आमच्याकडे स्टॅटिस्टिशियनचं पद दोन वर्षं रिकामं आहे. जाणकारांनी प्रकाश टाकावा, प्लीज.

आकडेमोड्या

ताई, धाकधूक वाटली हे बरं झालं. पीएसएमवाला (कम्युनिटी मेडिसिन) आहे, दरवर्षी असे दहाबारा थीसिस माझ्या टेबलावर येतात, शेवटच्या आठवड्यात. तुम्ही अडीच महिने आधी आलात म्हणजे टॉपरच.

आधी सरासरीचं बघू. फक्त वारलेल्यांची सरासरी काढली की जिवंत असलेल्या बायका हिशोबातूनच गेल्या. एका ग्रुपात ४० पैकी ३ वारल्या आणि दुसऱ्यात ४० पैकी २०, आणि दोन्हीकडे वारलेल्या सरासरी १४ महिन्यांनी वारल्या, तर तुमच्या एक्सेलला दोन्ही ग्रुप सारखेच! म्हणून तुमच्या चारही सरासऱ्या सारख्या येताहेत, यात पुस्तकाची काही चूक नाही.

कागद घ्या आणि पाच पेशंट मांडा. पहिली ४ महिन्यांनी वारली. दुसरी ६ महिन्यांपर्यंत आली, नंतर पत्ता नाही. तिसरी ९ महिन्यांनी वारली. चौथी १५ महिने झालेत, ठणठणीत आहे. पाचवी २० महिन्यांनी वारली. तुमच्या पद्धतीने सरासरी ४ अधिक ९ अधिक २० भागिले ३, म्हणजे ११ महिने. आता दुसऱ्या पद्धतीने करू. चौथ्या महिन्यात पाचजणी होत्या, एक गेली, उरल्या ५ पैकी ४ म्हणजे ०.८०. सहाव्या महिन्यात एक हरवली, कोणी वारलं नाही म्हणून आकडा ०.८० च राहतो, पण इथून पुढे मोजायला तिघीच. नवव्या महिन्यात तिघींतली एक गेली, म्हणजे ०.८० गुणिले दोन तृतीयांश, ०.५३. पंधराव्या महिन्यात चौथी बाजूला झाली, राहिली एकच. विसाव्या महिन्यात ती गेली की कर्व्ह धाडकन शून्यावर. मीडियन, म्हणजे कर्व्ह निम्म्याच्या खाली जातो तो महिना, आला २०. डेटा तोच, एकीकडे ११ आणि एकीकडे २०. आणि तो शेवटचा धाडकन एकाच पेशंटचा आहे हे लक्षात ठेवा, कर्व्हची उजवीकडची शेपटी बघून कोणी मोठमोठी वाक्यं लिहू नयेत. म्हणूनच आलेखाखाली दर सहा किंवा बारा महिन्यांना किती पेशंट उरल्या ते आकडे छापतात, तुम्हीही छापा.

याला कापलान मायर म्हणतात, १९५८ सालचा पेपर. गंमत म्हणजे मायर वैद्यकीय बाजूने आला होता आणि कापलान बेल लॅब्जमध्ये समुद्राखालच्या टेलिफोन केबलमधल्या व्हॅक्यूम ट्यूब किती दिवस टिकतात याचं गणित करत होता, दोघांची सोडवणूक एकच निघाली म्हणून पेपर एकत्र छापला. हाताने दहा पेशंटचं करून बघा, मग जामोवी किंवा आर या स्टॅटिस्टिक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये करा, दोन्ही फुकट आहेत. क्रॅक केलेलं एसपीएसएस वापरून व्हायरस आणू नका.

आता ट्रास्टुझुमॅब. तीन आठवड्यांनी एक डोस, वर्षभरात १७-१८ डोस. सगळे डोस पूर्ण करायचे तर बाईला वर्षभर जिवंत राहायलाच पाहिजे. जी सातव्या महिन्यात वारली ती आपोआप तुमच्या 'पूर्ण न केलेल्या' खान्यात जाऊन पडली. म्हणजे 'पूर्ण' गटात पहिल्या वर्षी कोणी मरूच शकत नाही, औषधाच्या जागी साखरेचं पाणी दिलं असतं तरी! पंढरपूरला पोचलेल्या वारकऱ्यांपैकी एकही जण वाटेत आजारी पडून घरी परतला नव्हता, म्हणून चालल्याने तब्येत सुधारते म्हणण्यातला प्रकार. औषध चांगलंच आहे, त्यात वाद नाही, पण तुमच्या आलेखातला फरक त्यामुळेच आलाय असं तुम्हाला म्हणता येणार नाही. दोन वाटा आहेत. एक तर ऑपरेशननंतर बारा महिने पूर्ण होताना ज्या जिवंत आहेत तेवढ्याच घ्या, घड्याळ तिथून सुरू करा, त्या दिवशी जी ज्या गटात ती त्या गटात. नाहीतर पूर्ण केलं की नाही हे सोडा आणि औषध ज्या दिवशी सुरू झालं त्या दिवसापासून ती 'घेणारी', त्याआधीचे तिचे महिने 'न घेणारी' च्या खात्यात. दुसरं जास्त बरोबर पण करायला किचकट, तुमच्या वेळेत पहिलं जमेल.

पी व्हॅल्यूचा कॉलम गाइडना हवा असेल तर टाका, वाद घालू नका, डिग्री घ्या. फक्त त्या कॉलमकडे बघून काही ठरवू नका. एका ग्रुपात १५ पैकी ९ जणी स्टेज तीनच्या आणि दुसऱ्यात १५ पैकी ६, डोळ्याला फरक दिसतोय की नाही? पी व्हॅल्यू मात्र ०.२ च्या वरच येणार कारण माणसंच कमी. 'फरक सिग्निफिकंट नाही म्हणून दोन्ही ग्रुप सारखे' असं लिहिलंत की मी एक्स्टर्नल परीक्षक असेन तर तिथेच पकडेन.

ठोकळेबाज

एवढा कशाला विचार करायचा, ग्रुप उलटेपालटे करत राहा, कधी पन्नासच्या वर कधी पंचेचाळीसच्या वर, कुठेतरी ०.०४९ येतंच. आमच्या बॅचला सगळ्यांचं आलं होतं.

आकडेमोड्या

@ठोकळेबाज, येणारच की. काहीही फरक नसताना वीस वेगवेगळ्या तुलना करा, निदान एक तरी ०.०५ च्या खाली येण्याची शक्यता ६४ टक्के. तुमच्या बॅचला पन्नास केल्या असतील.

स्लाइडवाली

पॅथॉलॉजिस्ट आहे. सर्जरीवाल्यांशी आमचं जुनं भांडण आहे त्यामुळे थोडं तिखट लागलं तर सांभाळून घ्या :)

त्या ३१ जणींना हात लावू नका, म्हणजे काढून टाकू नका. पाचवा ग्रुप करा, 'स्टेटस माहीत नाही', आणि त्यांचं वय, स्टेज, मृत्यू सगळं त्याच टेबलात पाचव्या कॉलममध्ये दाखवा. रिपोर्ट का नसतो याचा विचार करा ना. टेस्ट बाहेरून करायची होती आणि पैसे नव्हते, किंवा बाई इतकी आजारी होती की कोणाला गरजच वाटली नाही, किंवा रिपोर्ट यायच्या आत गेली. म्हणजे ज्यांचं बरं होणं आधीच अवघड होतं त्याच या ढिगात जास्त. त्यांना काढलंत की उरलेल्या १४१ जणींचा रिझल्ट तुमच्या हॉस्पिटलच्या खऱ्या रिझल्टपेक्षा गोंडस दिसणार. मी पैज लावते, पाचवा कॉलमच सगळ्यात वाईट निघेल.

दुसरं, जे रिपोर्ट आहेत त्यांच्यावर कितपत भरवसा ठेवायचा? ट्रिपल निगेटिव्ह आपल्याकडे पाश्चात्य देशांपेक्षा जास्त सापडतात हे खरंय, तिकडे दहापंधरा टक्के तर आपल्याकडच्या अभ्यासांत तीसएक टक्के. आपल्या बायका कमी वयात पेशंट होतात हे एक कारण धरलं जातं. पण थोडा वाटा बादलीचाही आहे, बादलीच म्हणतेय मी. ऑपरेशन दुपारी दोनला, स्पेसिमन एका प्लास्टिकच्या डब्यात नाहीतर सलाइन भरलेल्या पिशवीत, वॉर्डबॉय मामा पाच वाजता घरी, डबा ओटीच्या खिडकीत, आणि पुढे शनिवार-रविवार. आमच्याकडे पोचेपर्यंत आतून कुजायला लागलेलं असतं. फॉर्मॅलिन टाकलं तरी अख्खा ब्रेस्ट तसाच, चिरा न देता, आत फॉर्मॅलिन जाणार कसं? नियम असा आहे की काढल्यापासून तासाभरात कापून फॉर्मॅलिनमध्ये जायला हवं, तेही दहा टक्के न्यूट्रल बफर्ड, आणि सहा ते बहात्तर तास राहायला हवं. हे चुकलं की जो रिसेप्टर होता तोही रंगत नाही आणि हार्मोन पॉझिटिव्ह बाई कागदावर ट्रिपल निगेटिव्ह होते. मग तिला हार्मोन रोखणारी गोळी मिळत नाही, ते वेगळंच.

ओळखायचं कसं तर स्लाइडमध्ये कॅन्सरच्या शेजारी एखादी नॉर्मल डक्ट असते, ती ईआरला (इस्ट्रोजेन रिसेप्टरच्या टेस्टला) रंगायलाच हवी. तीही कोरी असेल तर रिपोर्ट निगेटिव्ह म्हणायचा नसतो, टेस्ट फसली म्हणायचं. शक्य असेल तर तुमच्या पॅथॉलॉजीत जाऊन ट्रिपल निगेटिव्हच्या स्लाइड कोणाकडून तरी नुसत्या बघून घ्या, एक दुपार लागेल, चहा तुमचा.

आणि रिपोर्टची तारीख बघा. २०१० पर्यंत बरेच जण दहा टक्के पेशी रंगल्या तरच पॉझिटिव्ह म्हणायचे, मग एक टक्क्यावर आलं. तुमच्या फायली त्यानंतरच्या असल्या तरी बाहेरच्या लॅबवाले जुनं धरून बसलेले मी पाहिलेत. टक्का लिहिलेला असेल तर स्वतः पुन्हा गट पाडा, 'पॉझिटिव्ह' या शब्दावर जाऊ नका. हर टू दोन प्लस आलेल्या सगळ्या कुठे टाकल्यात? दोन प्लस म्हणजे अधांतरी, पुढे फिश टेस्ट (हर टू च्या जनुकाच्या प्रती मोजायची) लागते, आणि ती न केलेल्या कोणी सरळ निगेटिव्हमध्ये ढकलल्या असतील तर तुमचा एक ग्रुप भेसळीचा आहे.

तिसऱ्यावर्षाची

@स्लाइडवाली मॅडम, दोन प्लस वाल्या ११ आहेत, फिश फक्त चौघींची. बाकी सातजणी मी निगेटिव्हमध्ये टाकल्या होत्या :( आत्ताच पाचव्या कॉलममध्ये हलवल्या.

आणि डबा ओटीच्या खिडकीत... मॅडम आमच्याकडे खिडकी नाही, फ्रिज आहे. त्याच फ्रिजमध्ये सिस्टरांचं दही.

जळगावकरीण

मी डॉक्टर नाही, फक्त वाचक, पण हा धागा वाचून राहवलं नाही. माझी आई या आजाराची पेशंट. २०१६ ला ऑपरेशन झालं, मोठ्या शहरात, नाव घेत नाही. हार्मोन पॉझिटिव्ह होती म्हणून रोजची गोळी. दोन वर्षं आम्ही रात्रीची गाडी पकडून दर तीन महिन्यांनी जायचो, सकाळी सातला केसपेपरच्या रांगेत, मग वडिलांचे गुडघे गेले आणि इथल्याच डॉक्टरांकडे दाखवायला लागलो, गोळी इथे मिळते, सोनोग्राफी इथे होते, कशाला जायचं. म्हणजे तिकडच्या फाईलमध्ये आई तुमच्या भाषेत हरवलेली आहे.

तर तीनेक वर्षांपूर्वी दुपारी फोन आला, मोबाईल आईच्याच हातात. समोरून एक मुलगा, नमस्कार नाही चमत्कार नाही, "पेशंट एक्सपायर झाली का?" आई म्हणाली, "अजून नाही रे बाबा, झाले की कळवते." त्याने फोन ठेवून दिला. आई हसत होती पण त्या दिवशी जेवली नाही नीट. तुम्ही फोन कराल तेव्हा आधी कोण बोलतंय ते विचारा, तब्येत कशी आहे विचारा, गोळी चालू आहे का विचारा. उत्तर आपोआप कळतं.

एक शंका. आईला आता इतकी वर्षं झाली, काही नाही, तर धोका संपला ना? गोळी पाच वर्षांनी थांबवली होती, मग डॉक्टरांनी पुन्हा दुसरी सुरू केली, का ते नीट सांगितलं नाही.

केमोकट्टा

मेडिकल ऑन्कॉलॉजीत आहे. @जळगावकरीण ताई, आधी तुमचं. आईंच्या फाईलशिवाय त्यांच्याबद्दल काही सांगणं बरोबर नाही, पण हार्मोन पॉझिटिव्ह आजाराचा स्वभाव सांगतो. हा आजार चिवट, हळू. पहिल्या पाच वर्षांत गडबड कमी करतो पण नंतरही अधूनमधून डोकं वर काढू शकतो, दहाव्या वर्षी, पंधराव्या वर्षीसुद्धा. २०१७ मध्ये ८८ ट्रायल्समधल्या ६२ हजारांवर बायकांचा डेटा एकत्र करून बघितला, पाच वर्षं गोळी घेऊन बऱ्या असलेल्या बायका, तेव्हा पाचव्या ते विसाव्या वर्षापर्यंत आजार परतायचं प्रमाण दरवर्षी थोडं थोडं चालूच राहतं असं दिसलं. सुरुवातीला काखेत गाठी जितक्या जास्त तितकं ते जास्त. म्हणून काहीजणींना गोळी पाच वर्षांपुढे देतात. घाबरायचं कारण नाही, दाखवत राहायचं, आणि का सुरू केली हे डॉक्टरांना सरळ विचारा, तो तुमचा हक्कच आहे.

आता @तिसऱ्यावर्षाची, तुमच्या तुलनेचा कळीचा मुद्दा यातच आहे. ट्रिपल निगेटिव्ह उलट्या स्वभावाचा. जे काय करायचं ते पहिल्या दोनतीन वर्षांत करतो, पाच वर्षं निघाली की परत यायचं प्रमाण खूपच खाली येतं. तुमचा फॉलोअप किती? फार तर तीन वर्षं? मग तुमच्या आलेखात ट्रिपल निगेटिव्ह दाणकन खाली जाणार आणि हार्मोन पॉझिटिव्ह छपरासारखी सपाट दिसणार, आणि तुम्ही लिहिणार 'हार्मोन पॉझिटिव्हचं प्रोग्नोसिस उत्कृष्ट'. तीन वर्षांपुरतं लिहा, 'तीन वर्षांत'. हे दोन शब्द विसरू नका. शिवाय कॉक्सचं मॉडेल (अनेक गोष्टींचा जगण्यावरचा परिणाम एकत्र मोजायचं, १९७२ चं, अजून तेच चालतं) धरून चालतं की दोन ग्रुपमधल्या धोक्याचं गुणोत्तर पहिल्या महिन्यापासून शेवटपर्यंत तेच राहतं. इथे ते राहत नाही हे आजाराच्या स्वभावावरूनच माहीत आहे. तीन वर्षांच्या खिडकीत कदाचित चालून जाईल, पण तपासून बघा आणि काय दिसलं ते लिहा.

मॉडेलमध्ये किती गोष्टी कोंबणार आहात? मृत्यू ३८. ढोबळ नियम असा की दहा मृत्यूंमागे एक गोष्ट, म्हणजे तीन, ओढूनताणून चार. आणि चार ग्रुप म्हणजेच तीन गोष्टी, एका ग्रुपशी बाकी तिघांची तुलना. ग्रुपांनीच सगळं ताट संपवलं, स्टेजला आणि वयाला काय उरलं? म्हणून मी तुमच्या जागी असतो तर हर टू चे दोन्ही ग्रुप एक केले असते. तीन ग्रुप, म्हणजे दोन गोष्टी, अधिक स्टेज, अधिक वय. बस. आणि हे आता ठरवा, रिझल्ट बघून नाही, नाहीतर तुमच्यात आणि ठोकळेबाजमध्ये फरक काय.

स्टेज घ्यायलाच लागेल कारण आपल्याकडे फक्त हर टू वाल्या बायका जर मोठ्या गाठी घेऊन उशिरा आल्या असतील तर त्या कशाने गेल्या, हर टू ने की उशिराने? त्यात औषधाची भानगड. ट्रास्टुझुमॅब अमेरिकेत १९९८ ला आलं, आपल्याकडे कित्येक वर्षं बहुतेक बायकांना त्याचं नाव ऐकायला मिळायचं, औषध नाही. साधारण २०१४ पासून भारतात बनलेलं बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखंच दुसऱ्या कंपनीचं औषध, आलं, किंमत उतरली, योजनेतून मिळायला लागलं. म्हणजे 'हर टू पॉझिटिव्ह' या एका नावाखाली दोन वेगळ्या नशिबांच्या बायका आहेत आणि त्यांची सरासरी काढून जो आकडा येतो तो त्यातल्या एकीलाही लागू नाही. कोणी सुरू केलं आणि कोणी कधीच नाही हे टेबलात ओळ टाकून दाखवा. न घेण्याचं कारण फाईलमध्ये असेल तर तेही.

स्टेजवरून अजून एक. तुमच्याकडे मध्येच पेट स्कॅन किंवा निदान सीटी सगळ्यांना करायला लागले का? लागले असतील तर जुन्या आणि नव्या पेशंटची स्टेजवार तुलना करू नका. अ तुकडीतली शेवटची पाच पोरं उचलून ब तुकडीत बसवली की दोन्ही तुकड्यांची सरासरी वाढते, एकाही पोराचा एक मार्क न वाढता. स्कॅन बारीक झाला की तिसऱ्या स्टेजमधल्या लपलेल्या वाईट केसेस चौथ्यात जातात, तिसरीपण सुधारते आणि चौथीपण, बाया तेवढ्याच मरतात. १९८५ मध्ये फाइनस्टाइनने लंग कॅन्सरमध्ये हे दाखवलं, त्याला अमेरिकन विनोदवीर विल रॉजर्सच्या विनोदावरून नाव दिलंय.

आकडेमोड्या

+१, तुकडीचं उदाहरण ढापतोय, लेक्चरला कामाला येईल.

एक राहिलं. सुरुवातीची तारीख सगळ्यांची एकच ठेवा. काही बायका बाहेर ऑपरेशन होऊन, सहाआठ महिन्यांनी त्रास झाल्यावर तुमच्याकडे आल्या असतील. त्यांचं घड्याळ ऑपरेशनपासून सुरू केलंत तर ते सहाआठ महिने फुकटचे मिळाले, कारण त्यात वारलेल्या बायका तुमच्याकडे पोचल्याच नाहीत. तुमच्याकडेच ऑपरेशन झालेल्याच घ्या, सुटसुटीत.

गावोगाव

मी मेडिकल सोशल वर्कर, बीड-धाराशिव पट्ट्यात पंधरा वर्षं. हरवलेल्या पन्नास जणींबद्दल बोलतो कारण बाकीचं मला कळत नाही.

ताई, त्या तुम्हाला सापडतील. सगळ्या नाही पण निम्म्या नक्की. फाईलवरचा नंबर लागत नाही म्हणून सोडू नका, फाईलवरचा नंबर बऱ्याचदा किराणा दुकानदाराचा नाहीतर पुतण्याचा असतो. सिम बदलतात. गावाचं नाव आहे ना? त्या गावच्या आशाताईंचा नंबर पीएचसीतून मिळतो. आशाताईला गावातलं सगळं माहीत असतं, कोण आहे, कोण गेलं, कोण माहेरी आहे. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत असते, ग्रामसेवकाला तारीख सांगता येते. बार्शीच्या कॅन्सर रजिस्ट्रीने १९८७ पासून हेच केलंय, हॉस्पिटलात बसून पेशंटची वाट न बघता गावात जाऊन लोकांशी बोलायचं, ते काम बघून आम्ही शिकलो.

आणि महिना बघा. दसरा झाला की टोळ्या ऊसतोडीला निघतात, पार कर्नाटकात. नोव्हेंबर ते मार्च ज्या बायका आल्या नाहीत त्यातल्या कित्येक फडावर असतात, जिवंत, कोयता हातात. त्यांच्यासाठी मुकादमाचा नंबर लागतो. उलट उन्हाळ्यात, गावात असूनही जी आली नाही, तिचं मला टेन्शन येतं. आमच्याकडे बरी असलेली बाई लांबच्या गाडीने कधीमधी तरी येते, आणि गेलेल्या बाईच्या घरून कळवायला कोणी येत नाही. कशाला येतील? त्यामुळे सगळ्या हरवलेल्या जिवंतच असं धरू नका, जळगावच्या ताईंची आई सोडून.

आकडेमोड्या

@गावोगाव, अगदी. कापलान मायर असं समजून चालतं की हरवलेली बाई आणि न हरवलेली बाई यांचा पुढचा धोका सारखाच. भाऊंनी सांगितलं ते खरं असेल तर तो समजच गेला. शोधून शोधून ज्या उरतील त्यांच्यासाठी दोनदा करा, एकदा सगळ्या हरवल्या त्याच दिवशी वारल्या असं धरून, एकदा सगळ्या आजपर्यंत जिवंत असं धरून. दोन्हीकडे ग्रुपांचा क्रम तोच राहिला तर निवांत झोपा. उलटला तर तेच तुमचं डिस्कशन. शिवाय कोणत्या ग्रुपातल्या जास्त हरवल्या तेही बघा, तीही एक ओळ टेबलात.

तिसऱ्यावर्षाची

मंडळी, तीन आठवड्यांनी येतेय, सगळ्यांना मनापासून धन्यवाद. गाइडना पंधरा दिवस लागले पटायला. वारीचं उदाहरण दिल्यावर हसले आणि म्हणाले बरं, काढ तो मेन पॉइंट. बारा महिन्यांपासून मोजलं तर फरक आहे पण पहिल्यासारखा डोळे दिपवणारा नाही, आणि पेशंट इतक्या कमी उरतात की आलेख जिन्यासारखा दिसतोय. तसाच छापणार.

स्लाइडवाली मॅडम पैज जिंकल्या. पाचवा कॉलम सगळ्यात वाईट. त्यांच्या स्टेजही सगळ्यात पुढच्या आणि निम्म्या तालुक्याबाहेरच्या. ट्रिपल निगेटिव्हच्या स्लाइड आमच्या पॅथॉलॉजीच्या मॅडमनी बघितल्या, चौघींमध्ये नॉर्मल डक्टपण कोरी होती, त्या ब्लॉकवर पुन्हा टेस्ट लावलीय. दोघी जिवंत आहेत, रिपोर्ट बदलला तर त्यांना बोलवायचंय, हे थीसिसपेक्षा आधी करतेय.

फोन लावले. ५२ पैकी २९ सापडल्या, ११ गेलेल्या. @जळगावकरीण, आधी तब्येत विचारते आता. काल एका घरी लावला, नवऱ्याने उचलला, खूप शांत बोलत होते. तारीख विचारली तर म्हणाले तारीख नाही सांगता यायची बाई, कार्तिकीच्या दुसऱ्या दिवशी, बारस सोडायची होती, स्वयंपाक झाला होता. कोणत्या वर्षीची विचारलं तर म्हणाले पोरीचं लग्न झालं त्याच्या आधीची, दोन हजार बावीसची. मी कॅलेंडर काढून बघितलं. कार्तिकी ४ नोव्हेंबरला होती.

एक्सेलमध्ये ५ नोव्हेंबर २०२२ टाकू ना? की फक्त महिना टाकायचा असतो अशा वेळी?

आकडेमोड्या

५ नोव्हेंबर टाका. ग्रामपंचायतीतल्या अर्ध्या तारखांपेक्षा ती पक्की आहे.